जप्त केलेली कादंबरी

गेल्या श्रावणांतील गोष्ट आहे. नववीच्या वर्गांत आम्ही व्याकरण शिकवीत होतों. बाहेर पाऊस कोसळत होता, आणि समासांचे प्रकार चालले असतां तिसऱ्या बांकावरील एका विद्यार्थिनीची मान नेहमीपेक्षां अधिक खालीं झुकलेली आम्हांस दिसली. इतक्या एकाग्रतेनें समास ऐकणारी विद्यार्थिनी आमच्या वीस वर्षांच्या नोकरींत आम्हांस भेटली नव्हती. म्हणून संशय आला. जवळ जाऊन पाहतों तों व्याकरणाच्या आड दुसरेंच एक पुस्तक होतें. वाचनालयाची पुठ्ठ्याची बांधणी, कोपरे मऊ झालेले, आरंभींचीं सोळा पानें गेलेलीं. त्यामुळें ग्रंथाचें वा ग्रंथकर्त्याचें नांव कळण्यास मार्ग नव्हता. परंतु जें पान उघडें होतें त्यावर चांदणें होतें, समुद्र होता, आणि नायक नायिकेस कांहीं तरी विचारण्याच्या बेतांत होता. आम्हीं पुस्तक जप्त केलें, चार शब्द कठोर बोललों, आणि तें आमच्या टेबलाच्या खणांत टाकलें.

येथवर जें झालें तें प्रत्येक शाळेंत होतें. पुढें जें झालें तें सांगण्यास मात्र थोडें धैर्य लागतें. मुलें काय वाचतात हें शिक्षकानें पाहिलें पाहिजे, अशी स्वतःची समजूत घालून संध्याकाळीं आम्हीं तें पुस्तक घरीं नेलें. रात्रीं वीज गेली. मेणबत्ती लावून आम्ही एक पान चाळावें म्हणून बसलों, आणि मेणबत्ती संपली तेव्हां दुसरी लावली. नायिकेचें पत्र भलत्याच्या हातीं पडतें त्या प्रकरणाशीं आमचे डोळे ओले झाले, हेंहि सांगून टाकतों. दुसऱ्या दिवशीं ती विद्यार्थिनी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “बाई, पुस्तक नका देऊं हवें तर, पण शेवटीं त्यांचें लग्न झालें का, तेवढें सांगाल?” आम्हीं उत्तर दिलें नाहीं. तेव्हां तिनें आमच्या डोळ्यांकडे पाहून विचारलें, “तुम्ही वाचलेंत ना, बाई?” आम्ही एवढेंच म्हणालों, “वर्गांत जा.” हें खोटें नव्हतें, परंतु खरेंहि नव्हतें.

प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीस देणें राहिलेलें उत्तर आहे. तें येथें सर्वांसमक्ष देतों, कारण तो प्रश्न तिच्या एकटीचा नाहीं. ह्या अंकाचे वाचक जे पालक, त्यांच्याहि घरीं तो कोणत्या ना कोणत्या रूपानें उभा राहत असेल. आतां तर प्रेमकथा मोबाइलवर रोज एक भाग याप्रमाणें येते, आणि ती व्याकरणाआड लपविण्याचीहि गरज राहिलेली नाहीं.

आमचें बालपण ह्याच गुहागरांत, माडापोफळींच्या सावलींत गेलें. आमच्या घरीं शास्त्र व गीतांचें पुस्तक उघड्या फळीवर असे. आईची कादंबरी तांदळाच्या डब्यामागें असे. वडील कादंबऱ्यांच्या विरुद्ध होते. कादंबऱ्यांनीं माणसाचें लक्ष कामावरून उडतें असें त्यांचें मत होतें. आई दुपारचें सर्व आटोपल्यावर अर्धा तास वाची, खुणेसाठीं पानांत आगपेटीची काडी घाली, आणि पुस्तक पुन्हां डब्यामागें ठेवी. आम्ही बारा-तेरा वर्षांच्या वयांत तो डबा शोधून काढला. आई विहिरीवर गेली कीं आम्ही वाचीत असूं, आणि तिची काडी जागची हलूं देत नसूं. एके दिवशीं पुस्तकांत दोन काड्या सांपडल्या. एक तिच्या पानावर होती. दुसरी, आम्ही आदल्या दिवशीं जेथें थांबलों होतों त्या पानावर. म्हणजे तिला सर्व ठाऊक होतें! त्यानंतर पांच-सहा वर्षें आम्हीं मायलेकींनीं एकच पुस्तक दोन काड्यांनीं वाचलें. परंतु त्याविषयीं एक अक्षरहि आम्ही एकमेकींशीं बोललों नाहीं. आईस जाऊन आतां पुष्कळ वर्षें झालीं. तें बोलणें राहिलें तें राहिलेंच.

आईच्या हातीं जीं पुस्तकें येत त्यांची परंपरा मोठी आहे, आणि ती समजल्यावांचून त्यांस नांवें ठेवणें न्यायाचें नव्हे. मराठी कादंबरीचा जन्म केवळ करमणुकीसाठीं झाला नाहीं. बाबा पदमनजी ह्यांनीं सन १८५७ मध्यें ‘यमुनापर्यटन’ लिहिलें, तें विधवांचीं दुःखें लोकांपुढें मांडण्याकरितां. परंतु वाचकांस लवकरच निराळी गोडी लागली. सन १८६१ मध्यें हळबे ह्यांची ‘मुक्तामाला’ आली, सन १८६८ मध्यें रिसबूड ह्यांची ‘मंजुघोषा’ आली. आणि अद्भुत प्रसंग, ताटातूट व शेवटीं मीलन, हा सांचा मराठींत पक्का बसला. हरि नारायण आपटे ह्यांनीं सन १८९० मध्यें ‘करमणूक’ पत्र काढून त्यांत ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः छापली. तींत यमू आपली कहाणी स्वतःच्या तोंडानें सांगते, ही त्या काळीं मोठीच गोष्ट होती. पुढें प्रा. ना. सी. फडके ह्यांनीं प्रेमकथेची कला अतिशय सफाईदार केली आणि तिचें तंत्र सन १९३१ मध्यें ‘प्रतिभासाधन’ ह्या ग्रंथांत उलगडून दाखविलें. सन १९४० मध्यें रत्नागिरीस मराठी साहित्य संमेलन भरलें तेव्हां अध्यक्षस्थानीं तेच होते.

त्यांचे समकालीन वि. स. खांडेकर तर आमच्यासारखेच शाळेंतील शिक्षक. सन १९२० ते १९३८ पर्यंत ते शिरोड्यास शिकवीत होते, आणि तेव्हां शिरोडें रत्नागिरी जिल्ह्यांतच मोडत असे. आमच्या लहानपणीं ज्यांचीं पुस्तकें वाचनालयांतून हातोहात जात, त्या कुसुम अभ्यंकर रत्नागिरीच्याच; तेथूनच त्या विधानसभेवरहि निवडून गेल्या. तेव्हां प्रेमकथा ही मुंबई-पुण्याहून कोंकणांत शिरलेली परकी वस्तु आहे असें कोणी समजूं नये. ती आमच्याच अंगणांत वाढली आहे. आणि ही आवड केवळ मराठी वाचकांचीच आहे असेंहि नव्हे. इंग्लंडांत सन १९०८ मध्यें निघालेल्या मिल्स अँड बून ह्या प्रकाशनसंस्थेनें पुढें आपली सारी शक्ति प्रेमकथांवरच लाविली, आणि तिचीं पुस्तकें कित्येक वर्षें भाड्यानें ग्रंथ देणाऱ्या वाचनालयांतूनच घरोघर गेलीं.

असो. आतां ह्या पुस्तकांनीं आमच्यावर काय परिणाम केला तें प्रामाणिकपणें सांगतों. जें मिळालें तें आधीं सांगणें योग्य.

आमचे आजोबा मुंबईस नोकरीस होते. वर्षांतून एकदां ते आगबोटीनें दाभोळास उतरत आणि पंधरा दिवस राहून परत जात. एरवीं त्यांचें पोस्टकार्ड येई: सर्व खुशाल आहे, कौलांसाठीं पैसे पाठविले आहेत, गाईची काळजी घ्यावी. आजीस वाचतां येत नव्हतें. कार्ड पोस्टमन वाचून दाखवी. तीं सर्व कार्डें तिनें एका पत्र्याच्या डब्यांत मरेपर्यंत जपून ठेविलीं होतीं. त्या दोघांत प्रेम नव्हतें असें कोण म्हणेल? परंतु त्यास शब्द नव्हते. आणि चार लोकांदेखत दुसऱ्याच्या तोंडून ऐकावयाच्या कार्डावर ते लिहिणार तरी कसे? आमच्या आईच्या पिढीच्या हातीं कादंबरी आली तेव्हां तिनें प्रथम हें केलें कीं, मनांतील गोष्टीस मराठी शब्द दिले. कादंबरींतील नायक नायिकेस विचारतो, “तुला काय वाटतें?” चांदण्यापेक्षां व फुलांपेक्षां आम्हांस त्या तीन शब्दांचें नवल वाटे. भाजी कोणती करावी ह्यापलीकडे बाईस कोणी कांहीं विचारावें, आणि तिच्या उत्तराची वाट पाहावी, हें आम्हीं प्रथम छापील पानावरच पाहिलें. आई दुपारीं जें वाचीत होती तें हेंच असावें, असें आतां वाटतें. जे वडीलधारे ह्या पुस्तकांस केवळ उथळ म्हणून बाजूस सारतात, त्यांनीं एवढें तरी ध्यानांत घ्यावें कीं, जें घरांत विचारलें जात नाहीं तें शोधण्यास मूल पुस्तकांत जातें.

आतां जें मिळालें नाहीं तें. जप्त केलेल्या त्या कादंबरींत नायक-नायिका सुटींत कोंकणांत येतात. समुद्र असतो, सुरूचीं झाडें असतात, पौर्णिमा असते. एक नावाडी त्यांस होडींतून नेतो व आणतो. तीन प्रकरणें तो वल्हें मारतो. परंतु त्यास नांव नाहीं, घर नाहीं, आणि एका “जी साहेब” खेरीज तोंडीं शब्द नाहीं. हें वाचतांना आमच्या मनांत जें आलें तें लहानपणीं आलें नव्हतें. आमचा समुद्र त्या पुस्तकांत होता, आम्ही नव्हतों. ज्या किनाऱ्यावर प्रेम करण्यास दुरून माणसें येतात, त्या किनाऱ्यावर राहणारीं माणसें जणूं प्रेम करीतच नाहींत! खारवी, भंडारी, कुणबी, कोळी ह्यांच्या घरांतील मुली हींच पुस्तकें वाचतात, आणि स्वतःस दूर सारून वाचण्याची संवय त्यांस नकळत लागते. नायिका गोरी, नाजूक, लांब बोटांची. उन्हांत सुपारी वाळत घालणारी सांवळी मुलगी आढळलीच तर ती मोलकरीण म्हणून, नाहीं तर दयेस पात्र म्हणून. आम्ही स्वतः सांवळ्या आहों. कादंबरी मिटून आरशापुढें उभें राहिल्यावर तेराव्या वर्षीं आम्हांस काय वाटे, तें येथें विस्तारानें सांगत नाहीं. आमच्या विद्यार्थिनींस तें सांगावें लागणार नाहीं.

दुसरी उणीव ही कीं, बहुतेक प्रेमकथा लग्नाच्या मांडवाशीं संपतात. दुसऱ्या दिवशीं चूल कोणी पेटविली, पाणी कोणी भरलें, सासऱ्याचें औषध कोणी आणलें, हें तेथें कळत नाहीं. त्यामुळें वाचणाऱ्यास असें वाटूं लागतें कीं, प्रेम म्हणजे मीलनापर्यंतची धडपड, आणि पुढें सर्व आपोआप चालतें. आमच्याहि संसाराच्या पहिल्या दोन वर्षांत ह्या समजुतीनें घोटाळा केला. आमचे यजमान नायकासारखें बोलत नाहींत म्हणून आम्ही रुसत असूं. आणि आम्ही कां रुसलों आहों हें त्या बिचाऱ्यांस कळत नसे, कारण त्यांनीं तीं पुस्तकें वाचलेलीं नव्हतीं.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे, आणि ती विशेषतः आमच्या विद्यार्थ्यांनीं, म्हणजे मुलांनीं, नीट ऐकावी. पुष्कळ प्रेमकथांत नायिका प्रथम “नाहीं” म्हणते. नायक तिचा पिच्छा सोडीत नाहीं. वाटेंत अडवितो, पत्रें पाठवितो, तिच्या दारांत उभा राहतो. आणि दहाव्या प्रकरणांत ती त्याच्या निष्ठेस भुलून “होय” म्हणते. पुस्तकांत ही निष्ठा ठरते. प्रत्यक्ष गांवांत ह्याच वागणुकीनें मुलीची शाळा सुटते. घरचे लोक म्हणतात, वाटेंत कोणी उभा राहतो, आतां जाणें पुरे. कादंबरींत “नाहीं” हा शब्द उत्कंठा वाढविण्यासाठीं लेखकानें घातलेला असतो. जिवंत माणसाच्या तोंडीं त्याचा अर्थ एकच असतो. ज्यास हा भेद कळत नाहीं त्यानें कितीहि प्रेमकथा वाचल्या तरी त्यास प्रेमांतील पहिलें अक्षर आलें नाहीं, असें आम्ही समजतों.

मग चांगली प्रेमकथा म्हणावी तरी कोणती? आमच्या मतें मराठींतील एक फार मोठी प्रेमकथा ही कादंबरीच नव्हे. लक्ष्मीबाई टिळक ह्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ सन १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालीं. त्यांचे पति नारायण वामन टिळक ह्यांचा जन्म आमच्याच जिल्ह्यांत, करजगांवीं, सन १८६१ मध्यें झाला. सन १८९५ मध्यें टिळकांनीं धर्मांतर केलें आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. कादंबरीकारास हेवा वाटावा अशी ती ताटातूट; परंतु लक्ष्मीबाई तिचें काव्य करीत नाहींत. पैशांची तंगी, भांडणें, हट्ट, लहरी स्वभाव, आणि पुन्हां एकत्र आल्यावर रोज नव्यानें जुळवून घेणें, हें सर्व त्या हंसत हंसत सांगतात. नवरा चुकला तें सांगतात, स्वतः चुकल्या तेंहि सांगतात. लग्नानंतरचा दुसरा दिवस, दोनशेवा दिवस, दहा हजारावा दिवस त्या पुस्तकांत आहे. तें वाचून संपविल्यावर आम्हीं यजमानांवर रुसणें बरेंच कमी केलें. अगदीं सोडलें असें म्हणवत नाहीं.

कोणी पालक म्हणतील, एवढे दोष तुम्हीच दाखवितां, तर हीं पुस्तकें मुलांच्या हातीं पडूंच देऊं नयेत हें बरें नव्हे काय? हा प्रश्न नवा नाहीं. चंद्रकांत काकोडकर ह्या लोकप्रिय लेखकांवर सन १९६२ च्या एका दिवाळी अंकांतील कथेबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सन १९६९ मध्यें न्यायालयानें त्यांस निर्दोष ठरविलें. कुमारवयीन वाचकांचा प्रश्नहि न्यायमूर्तींनीं विचारांत घेतला होता. तरीहि स्त्री-पुरुषसंबंधाचा उल्लेख आहे एवढ्यावरूनच लिखाण अश्लील ठरत नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. प्रत्येक पुस्तक प्रत्येक वयास योग्य असतें असें आम्ही म्हणत नाहीं. सातवींतील मुलाच्या हातीं काय द्यावें व काय देऊं नये हें आईबापांनीं पाहिलेंच पाहिजे. परंतु जप्तीनें पुस्तक थांबतें, वाचणें थांबत नाहीं, हें तांदळाच्या डब्यानें आम्हांस शिकविलें आहे. लपवून वाचलेल्या पुस्तकांतील सर्वांत मोठा तोटा हा कीं, त्याविषयीं कोणाशीं बोलतां येत नाहीं. आणि ज्याविषयीं बोलतां येत नाहीं तें सर्व खरेंच वाटूं लागतें.

म्हणून आमचें मत असें आहे कीं, प्रेमकथेवर बंदी घालूं नये आणि तिच्यावर विश्वासहि टाकूं नये. तिला उलट प्रश्न विचारावे. पाहुण्यास आपण घरांत घेतों, त्याचें ऐकतों, परंतु तो सांगेल तें सर्व मानतों असें नाहीं. तशीच कादंबरीहि घरांत येऊं द्यावी. पालकहो, मूल जें वाचतें तें एकदां स्वतः वाचा. वाचण्यास वेळ नसेल तर जेवतांना त्यास कथा सांगावयास लावा. तुम्हांसहि पुढें काय झालें हें विचारावेंसें वाटेल, आणि तें विचारण्यांत लाजण्याजोगें कांहीं नाहीं.

त्या विद्यार्थिनीस आम्हीं आठ दिवसांनीं बोलाविलें. “होय, वाचलें, रात्रीं दोन वाजेपर्यंत वाचलें,” असें प्रथम सांगितलें. मग पुस्तक परत दिलें आणि चार प्रश्न कागदावर लिहून दिले. ह्या कथेंत काम कोण करतें? कोणास नांव नाहीं? “नाहीं” म्हटल्यावर तें कोणी ऐकलें का? आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशीं काय झालें असेल? शेवट काय झाला तें मात्र सांगितलें नाहीं; तो ज्याचा त्यानेंच वाचावा.

पुढच्या सोमवारीं ती उत्तरें लिहून घेऊन आली. नावाड्याविषयीं तिनें दोन पानें लिहिलीं होतीं, कारण तिच्या मामाचीच होडी आहे. नायकाविषयींचें तिचें मत आम्हांहूनहि कडक होतें. परंतु कागद आमच्या हातीं देतांना ती म्हणाली, “बाई, हें सगळें खरें आहे. पण मला रडूं आलें तेंहि खोटें नव्हतें.”

तिचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. तें खोटें नव्हतें. आमचेंहि नव्हतें, आणि आईचेंहि नसावें. वाचनालयाची मुदत तोंपर्यंत उलटून गेली होती. दंड आम्हीं भरला, कारण त्यांतले आठ दिवस पुस्तक आमच्याच खणांत होतें.